वैशाखातल्या लग्नांचे फोटो

दारव्ह्याच्या बाजाररस्त्यावर गुलशन फोटो स्टुडिओ आहे. पाटीवर खाली ‘प्रो. युनूसभाई’ असं लिहिलंय आणि ते काही खोटं नाही. दुकान त्यांचं, कॅमेरा त्यांचा, लग्नाच्या मांडवातला रुबाबही त्यांचाच. फक्त त्या पाटीखालून अर्ध्या तालुक्याची लग्नं कागदावर उतरली ती कोणाच्या हाताने, हे विचारायचं इतक्या वर्षांत कोणाला सुचलं नाही. युनूसभाईंच्या बायकोला, खैरुनबीला, याचं काही वाटत नाही, असा लोकांचा समज होता. लोकांना काय, समज करून घ्यायला पैसे पडत नाहीत.

यंदा वैशाखातल्या एका दुपारी युनूसभाई यवतमाळहून परतले ते हवेतच. घाम पुसायचंही भान नव्हतं. खैरुनबी खिडकीशी कॉम्प्युटरसमोर बसली होती. नाकावर चष्मा, हाताशी चहाचा कप, पाठीवर कूलरचा वारा. शेजारी त्यांची मुलगी मेहनाज, जी आता दुकान चालवते, ती प्रिंटरमधून निघालेले कागद कापत होती.

“आयकलं का, मेहनाजची अम्मी,” युनूसभाई म्हणाले, “यवतमाळात प्रदर्शन भरून राह्यलं. ब्लॅक अँड व्हाइट फोटोचं. छायाप्रेमी मंडळवाले करतेत. अन् सत्कार कोनाचा? माहा!”

“मुबारक,” खैरुनबी म्हणाली. “शाल देतीन का?”

“शाल, नारळ, पेपरात फोटो, सारं. पन एक शर्त हाये.” इथे त्यांचा आवाज जरा खाली आला. “फोटो डार्करूममध्ये बनवेल पायजे. नवे. हातानं. कॉम्प्युटरचा प्रिंट बिलकुल चालत नाई, म्हनतेत.”

खैरुनबीने चहाचा घोट घेतला. “कोनाच्या हातानं?”

युनूसभाईंनी टोपी काढली, झटकली, पुन्हा घातली.

“तू हायेस ना,” ते म्हणाले.

“मी नाई.”

“अवं, आयकून त घे पयले...”

“आयकलं. मी त्या खोलीत पाय नाई ठेवत. सत्कार तुमचा हाये त हात बी तुमचेच लावा.”

या घरात बोलणं हिंदीतून सुरू व्हायचं, हळूहळू वऱ्हाडीत शिरायचं आणि भांडण पेटलं की पार वऱ्हाडी होऊन जायचं, कारण वऱ्हाडीत भांडण्याची मजा दुसऱ्या कुठल्या भाषेला नाही. आज ते पहिल्या वाक्यापासूनच वऱ्हाडीत सुरू झालं होतं. मेहनाजने कात्री खाली ठेवली आणि ती चहा टाकायच्या निमित्ताने आत गेली.

आता त्या खोलीविषयी सांगायला हवं. खोली कसली, घरामागची न्हाणी ती. खैरुनबी लग्न होऊन कळंबहून इथे आली तेव्हा युनूसभाईंनी नुकताच स्टुडिओ टाकला होता, आणि न्हाणीची खिडकी फळ्या ठोकून बंद करून तिची अंधारखोली केली होती. घरातल्या बायकांनी अंघोळ कुठे करायची, तर अंगणात, गोणपाटाच्या आडोशाला. हौसेला मोल नव्हतं. अडचण एवढीच निघाली की दार लावून लाल दिवा पेटवला की युनूसभाईंचा जीव घाबरा व्हायचा. छाती भरून यायची, कानशिलं उडायची, आणि कागद अजून ट्रेमध्ये असतानाच ते धाडकन दार उघडून अंगणात येऊन उभे राहायचे. उजेड लागला की कागद काळाठिक्कर. भरल्या मांडवात दोन्हीकडच्या व्याह्यांना दमात घेणारा माणूस न्हाणीत चहा उकळेपर्यंतसुद्धा टिकत नव्हता. गावाला हे कधीच कळलं नाही. आत जायला बायको होती ना.

“फक्त आजच्या दिवस जा,” असं त्यांनी तिला पहिल्यांदा म्हटलं होतं.

सुरुवातीला ते बाहेरून दाराला तोंड लावून सांगायचे आणि ती आत करायची. पुढे सांगायची गरज उरली नाही. आणखी पुढे तीच त्यांना सांगायला लागली, की नवरीला दाराच्या उजेडाकडे तोंड करून बसवा, मागे पांढरी चादर धरू नका, म्हातारीचा फोटो काढताना तिला हसवायच्या भानगडीत पडू नका. निगेटिव्ह मोठी करून दाखवणाऱ्या एन्लार्जरचा उजेड कागदावर पडत असताना ती मधे बोटं धरून हलवायची. बोटांची सावली जिथे पडेल तिथे चेहरा उजळ व्हायचा, डोळे बोलायला लागायचे. कुठे किती सावली द्यायची हे तिला कोणी शिकवलं नव्हतं. निगेटिव्ह बघितली की तिच्या बोटांना ते आपोआप कळायचं.

आणि कागदावर चेहरा उगवायचा तो क्षण. कोरा कागद औषधाच्या पाण्यात सोडायचा, ट्रे हलकेच हलवायचा, आणि बघता बघता आधी केस, मग भुवया, मग नथ. तो क्षण खैरुनबीला आजही स्वप्नात दिसायचा. तो सुंदर होता, हे ती कोणालाही सांगायला तयार होती. पण मेहनाज पहिल्यांदा चालली ती त्याच न्हाणीच्या दाराबाहेर, आणि तेव्हा खैरुनबी आत होती. ट्रेमध्ये कागद होता. बाहेर सगळे टाळ्या पिटत होते, पोरगी खिदळत होती, आणि आत ही घामाने निथळत कडीवर हात ठेवून उभी. कडी काढली असती तर कोणाच्या तरी लग्नाचा फोटो गेला असता. तिने काढली नाही. त्याचा राग अजून तिच्या मनात होता. नेमका कोणावर, ते तिला सांगता आलं नसतं, पण तो राग तिला जाऊ द्यायचा नव्हता.

पाण्याची गोष्ट तर वेगळीच. फोटो पक्का करायला जे हायपो नावाचं औषध लागतं ते नंतर कागदातून धुऊन काढावं लागतं, वाहत्या पाण्यात, चांगलं तासभर. नाही काढलं तर काही वर्षांनी फोटो पिवळा पडायला लागतो. आता आपल्याकडे लग्नं कधी लागतात? उन्हाळ्यात. आणि पाणी कधी नसतं? उन्हाळ्यात. टँकरपुढे हंडे-गुंडं लावून भांडणाऱ्या घरात फोटोला वाहतं पाणी कुठून आणायचं? निगेटिव्हचं थोडक्या पाण्यात भागायचं, म्हणून खैरुनबी निगेटिव्ह नीट धुऊन बिस्किटांच्या डब्यांत भरून ठेवायची आणि कागदाला दोन बुडक्या देऊन वाळत घालायची. लेकरांच्या तोंडचं पाणी नवरदेवाच्या फेट्याला पाजायला ती काही वेडी नव्हती. परिणाम असा झाला की दारव्हा तालुक्यात ज्यांची लग्नं तुळशीच्या लग्नानंतर, विहिरी भरलेल्या असताना लागली, त्यांचे फोटो आजही तसेच खणखणीत आहेत. आणि ज्यांची वैशाखात लागली ते सगळे भिंतीवर हळदीसारखे पिवळे होऊन लटकताहेत.

म्हणूनच मेहनाजने दुकानात इंकजेट प्रिंटर आणला, निगेटिव्ह स्कॅन करायचं यंत्र आणलं, तेव्हा सगळ्यांत आधी खुर्ची ओढून बसली ती खैरुनबी. पहिले फोटो बघून तिने कपाळाला हात लावला होता. ट्यूबलाइटखाली त्यांचा काळा रंग हिरवट दिसत होता. “काया म्हंजे काया पायजे,” ती मेहनाजला म्हणाली होती, “हा त भेंडीच्या भाजीवानी दिसून राह्यला.” मग कागद बदलला, शाई बदलली. प्रत्येक फोटो ती रस्त्यावर नेऊन उन्हात बघायची, परत आत आणून दिव्याखाली बघायची. कंपनी म्हणते शाई टिकते, तर कंपनीवर कोणी विश्वास ठेवायचा? तिने एक फोटो अर्धा पुठ्ठ्याने झाकून अख्खा उन्हाळा खिडकीच्या काचेला चिकटवून ठेवला, आणि मृगात पुठ्ठा काढून दोन्ही बाजू ताडून पाहिल्या. दोन्ही सारख्याच काळ्या. मग ती कामाला लागली. बोटांची सावली आता माउसने द्यायची, पण द्यायची कुठे ते डोळ्यांनाच ठरवावं लागत होतं. आणि मधेच उठून दार उघडता येत होतं. फोटो अर्धा ठेवून भाजीवाल्याशी हुज्जत घालता येत होती. तिला या गोष्टीचं जे सुख होतं ते तिने लपवलं नाही.

त्याच दुपारी, नवराबायको एकमेकांकडे पाठ करून बसलेले असताना, विजयमालाबाई आल्या. बोरीअरबच्या बाजूला त्यांचं शेत, कापूस आणि तूर. बाजाराला आल्या की दुकानात डोकावल्याशिवाय जात नसत. त्यांनी पदराखालून एक तसबीर काढली.

“भाभी, हे पाय,” त्या म्हणाल्या. “चाळीस वर्स झाली, माही हळद काई उतरून नाई राह्यली.”

तसबिरीतली नवरी खरंच डोक्यापासून पायापर्यंत पिवळी होती. नवरदेवाचं नुसतं नाक उरलं होतं. खैरुनबी खळखळून हसली. तिने डबा काढला, निगेटिव्ह शोधली, उजेडाकडे धरली.

“वैशाख ना?”

“वैशाखच. मांडवात पान्यासाठी मारामारी झालती.”

“मंग बरोबर हाये. थांब, तुले हळदीतून बाहेर काढतो.”

संध्याकाळपर्यंत फोटो झाला. विजयमालाबाई तो हातात घेऊन कितीतरी वेळ बघत राहिल्या. नवरीच्या हनुवटीवर गोंदलेला ठिपका होता. पिवळ्या फोटोत तो केव्हाच बुडून गेला होता. इथे तो लख्ख दिसत होता. “मी अशी होती का व?” असं त्यांनी विचारलं आणि उत्तराची वाट न बघता डोळ्याला पदर लावला. पाठ करून बसलेल्या युनूसभाईंनीही मान वळवून फोटो बघितला. मग पुन्हा मान फिरवली.

दुसऱ्या दिवसापासून ते कामाला लागले. न्हाणीतली अडगळ निघाली, एन्लार्जरवरचं फडकं निघालं, मुंबईहून कुरिअरने औषधं आली, लाल दिवा आला. खैरुनबीकडे न बघता ते तिच्यासमोरून ट्रे घेऊन जायचे. तिने एकदाच तोंड उघडलं. “बरफ लागते. या गरमीत औषध लगेच तापते,” एवढं म्हणाली आणि पुन्हा कॉम्प्युटरकडे वळली.

मंडळाचा अंकुर फोटो बनवतानाचं शूटिंग करायला आला तो मोठा मोबाइल आणि त्याहून मोठा स्टँड घेऊन. तिशीतला पोरगा, गळ्यात जुना रोलचा कॅमेरा, बोलायला गोड आणि मनाने सरळ. आल्या आल्या चाचा-चाचीच्या पाया पडला.

“चाचा, आता हे कुठेच उरलं नाही,” तो म्हणाला. “शाई कागदावर पसरते नुसती. डार्करूमच्या फोटोतली चांदी कागदाच्या आत शिरते. त्या काळ्या रंगाला खोली असते. तुम्ही एक फोटो बनवा, मी फक्त बघतो.”

युनूसभाई आत गेले. अंकुर मागोमाग गेला. दार लागलं. मेहनाज दुकानातून उठून अंगणात आली, पण खैरुनबी जागची हलली नाही. तिचे कान मात्र न्हाणीकडेच होते. थोड्याच वेळात कडी वाजली, दार आपटलं आणि युनूसभाई अंगणात येऊन खांबाला धरून उभे राहिले. तोंड पांढरं पडलं होतं. मेहनाजने पाणी आणलं. अंकुरला वाटलं, चाचांना जुने दिवस आठवून भरून आलं. त्याने त्यांच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाला, “असू द्या चाचा. चेहरा नको घ्यायला. मी नुसते हात घेतो. लाल उजेडात हात, खाली ट्रे. तेवढंच पुरे.”

युनूसभाई पाणी पिऊन दुकानात आले. खैरुनबीजवळ येऊन बसले आणि अगदी हळू आवाजात म्हणाले, “खैरुन, त्याले नुसते हातच पायजे.”

“मंग?”

“लाल उजेडात हात काय, बाईचे का मान्साचे, कोनाले कयते? तू माहा सदरा घाल. बाह्या मनगटापर्यंत घे. बांगड्या उतरव. अंकुरले मी सांगतो, बाहेर थांब, मोबाइल लावून दे.”

खैरुनबी त्यांच्याकडे बघतच राहिली. तिला आधी हसू आलं. हा माणूस वाईट नव्हता. आजारपणात याने तिचे पाय चेपले होते, लेकरांना शिकवलं होतं, कधी तिच्यावर हात उगारला नव्हता. आणि याच माणसाला आज तिचे हात आपल्या बाहीत घालून मिरवायचे होते, आणि त्यात काही वावगं आहे असं त्याच्या मनालाही शिवलं नव्हतं. तिच्या अंगाचा तिळपापड झाला.

ती उठली आणि सरळ अंगणात गेली.

“अंकुर बाबू,” ती म्हणाली, “हात पायजे का तुले?”

“हो चाची, चाचांचे...”

“चाचांचे हात त्या खोलीत कधीच नव्हते. ते आत टिकतच नाईत, आता पाह्यलं ना तू? या दुकानातला एकूनएक फोटो म्या बनवला. हात पायजे असन त चेहऱ्यासगट घ्यावा लागन.”

युनूसभाई दारात उभे होते. त्यांनी नाही म्हटलं नाही. मान खाली घातली.

अंकुरला हे पचायला वेळ लागला, पण पचल्यावर त्याचे डोळे चमकले. “चाची! अहो, मग तर अजूनच मोठी गोष्ट आहे. सत्कार तुमचा करू. मंडळाला मी सांगतो. पाटीवर तुमचं नाव, पेपरात तुमचं नाव. जिल्ह्यात अंधारखोलीत काम केलेली बाई म्हणजे... तुम्ही फक्त आत या. थोडेच फोटो. एकच दिवस.”

खैरुनबीला ते हवं होतं. उगाच खोटं कशाला सांगा. आपलं नाव छापील अक्षरात, खाली आपला फोटो, कळंबला भावाच्या घरी तो पेपर पोचलेला, हे सगळं एका क्षणात तिच्या डोळ्यांसमोरून गेलं आणि तिला गोड वाटलं. न्हाणीचं दार उघडंच होतं. आतून औषधाचा तो आंबट वास येत होता. बोटं आपोआप हलली.

“एकच दिवस म्हनूनच गेलती मी पयल्यांदा,” ती म्हणाली.

ती दुकानात जाऊन विजयमालाबाईंच्या फोटोची दुसरी प्रत घेऊन आली आणि अंकुरच्या हातात दिली. “हे लावता का? हे बी म्याच बनवलं.”

अंकुरने फोटो उन्हात धरला, तिरका करून बघितला. पोरगा प्रामाणिक होता. “छान आहे चाची. खरंच छान आहे. पण शाईचं आहे. आमचा नियम...”

“नियम कोनं केला?”

“आम्हीच.”

“मंग बदला.”

“मग फरक काय राहिला? हे काय, कोणीही बटण दाबेल.”

“एन्लार्जरले बी बटनच होतं, बाबू.”

तो हसला, पण हलला नाही. प्रदर्शन डार्करूमचंच राहील, म्हणाला. हात जिथे ओले होतात तीच कला, असं त्याचं म्हणणं होतं आणि ते त्याने मनापासून मांडलं. खैरुनबीने ते ऐकून घेतलं. त्याला ओले हात हवे होते, मग त्याने करावेत आपले ओले, तिचं काही म्हणणं नव्हतं. तिने आयुष्याचा अर्धा भाग त्या ओल्या हातांत घालवला होता, बोटांच्या पेरांना भेगा पडेपर्यंत, आणि आता तिला उजेडात, खुर्चीवर बसून, दार उघडं ठेवून काम करायचं होतं. याच कामाखाली तिला स्वतःचं नाव हवं होतं. अंधारात परत जाऊन मिळणारं नाव तिला नको होतं.

“तू चांगला पोट्टा हायेस,” ती म्हणाली. “जेवून जा.”

जेवता जेवता अंकुरने मधला मार्ग काढला. घरात जुने, न बिघडलेले प्रिंट असतील तर ते चालतील. आणि चाचांनी फोटो तर काढलेच आहेत, तेव्हा सत्कार त्यांचा ठरलाय तो ठरलाच. तुळशीच्या लग्नानंतरच्या लग्नांचे फोटो ट्रंकेत होते. युनूसभाईंनी ते काढले, पुसले, कापडात बांधले.

“न्या,” खैरुनबी म्हणाली. “खाली नाव माहं लिहा पन.”

“फोटोखालच्या पट्टीवर मंडळवाले एकच नाव छापतेत. आधीच छापलं त्यायनं.”

“मंग तुम्ही जाने अन् तुमची पट्टी जाने.”

नंतर नवराबायकोत अबोला सुरू झाला. भाजीत मीठ जास्त झालं तरी कोणी बोललं नाही. खैरुनबी डबे उघडून निगेटिव्हमागून निगेटिव्ह काढत होती. दारव्ह्याच्या, आसपासच्या खेड्यांतल्या, उन्हाळ्यात लग्न लागलेल्या सगळ्या बायका. मेहनाज स्कॅन करायची, आई फोटो घडवायची, प्रिंटर कुरकुरत एकेक नवरी बाहेर काढायचा. कोणासाठी एवढं, असं मेहनाजने विचारलं तेव्हा खैरुनबीने उलट विचारलं, “प्रदर्शन कधी हाये त्यायचं?”

“बाजाराच्या दिवशी.”

“मंग माहं बी बाजाराच्याच दिवशी.”

बाजाराच्या दिवशी सकाळी युनूसभाईंनी इस्त्रीचा कुर्ता घातला, अत्तर लावलं आणि फोटोंचं गाठोडं काखेत मारून यवतमाळला निघाले. कोणी अडवलं नाही. रस्त्यापलीकडे काळीपिवळी जीप उभी होती, ते तिच्यात खिडकीशी जाऊन बसले. काळीपिवळी कधी सुटते? माणसं दाबून भरल्यावर. आणि आज माणसं भरायलाच तयार नव्हती, कारण बाजाराला आलेल्या बाया स्टुडिओपुढे थांबत होत्या.

खैरुनबीने दुकानाच्या खांबापासून समोरच्या कडुलिंबापर्यंत दोरी बांधली होती आणि तिच्यावर चिमटे लावून फोटो टांगले होते, भर उन्हात. काळ्यापांढऱ्या नवरा-नवरींची रांगच्या रांग. स्वतः खाली स्टूल टाकून बसली होती. बाया पिशव्या खाली ठेवून माना वर करून शोधत होत्या. “हे पाय, हे माही जाऊ!” “अवं माय, बाबाची मिशी पाय!” “ही मीच हाये का व?” एका म्हातारीने गेलेल्या नवऱ्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळून झाल्यावर, “तवा बी असाच रागात राहे,” असं म्हटलं, तेव्हा सगळ्या हसल्या. विजयमालाबाई तर आपल्या फोटोखाली ठाण मांडूनच बसल्या होत्या आणि येणाऱ्याजाणाऱ्याला हनुवटीवरचा ठिपका दाखवत होत्या.

जीपमधल्या एका शेतकऱ्याने युनूसभाईंना ओळखलं. “वा, युनूसभाऊ,” तो म्हणाला, “काय हात हाये तुमचा! एवढ्या वर्साचे फोटो, कालच काढल्यावानी दिसून राह्यले.”

युनूसभाईंनी मान हलवली. जीपमधल्या बाकीच्यांनीही त्यांच्याकडे कौतुकाने बघितलं. दोरीखालच्या बायाही आपसांत तेच म्हणत होत्या, युनूसभाऊचा हात, युनूसभाऊचा हात, आणि खैरुनबी स्टुलावर बसून ते ऐकत होती. तिने कोणाला दुरुस्त केलं नाही. ती फक्त रस्त्यापलीकडे जीपच्या खिडकीकडे बघत होती, पापणी न हलवता. युनूसभाईंनी एकदा तिच्याकडे बघितलं, एकदा मांडीवरच्या गाठोड्याकडे. जीपमध्ये शेवटचा माणूस चढला. ड्रायव्हरने चावी फिरवली.

“थांब रे,” युनूसभाई म्हणाले आणि शेजाऱ्याच्या गुडघ्यांवरून वाट काढत खाली उतरले.

रस्ता ओलांडून ते दोरीपाशी आले. गाठोडं सोडलं, त्यातला पहिला फोटो काढला, मेहनाजकडून चिमटा मागून घेतला आणि रिकाम्या जागी टांगला. बाया बघत होत्या. युनूसभाईंनी घसा साफ केला.

“हे मी नाई बनवले,” ते म्हणाले. “मले अंधाराचं भेव वाटते. म्या कॅमेरा धरला फक्त. फोटो हिनं बनवले. ते जुने बी, हे नवे बी.”

आवाज इतका बारीक होता की जवळच्या दोघीतिघींनाच ऐकू आला. त्या खैरुनबीकडे वळून बघायला लागल्या. मागच्या बाया काय झालं, काय झालं म्हणून विचारत होत्या. पलीकडे ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता.

खैरुनबी स्टुलावरून उठली नाही. तिने पदर सारखा केला.

“जोरात बोला,” ती म्हणाली. “काळीपिवळीतल्यायले आयकू नाई गेलं.”

युनूसभाईंनी रस्त्याकडे तोंड केलं आणि हॉर्नच्या वर आवाज चढवून पुन्हा सांगितलं. जीपमधली डोकी खिडकीबाहेर आली. शेजारच्या हॉटेलातला माणूस झारा हातात घेऊन बाहेर आला.

“अजून,” खैरुनबी म्हणाली.